सुकरीच्या घराची रेघ

आमच्या कोसमहेटीत जंगलाकडचं शेवटचं घर सुकरीचं, अन् त्याच्या अलीकडचं माझं. मधात बांबूचा कुड होता, तो निम्मा वाळवीनं खाल्ला, उरलेला माझ्या शेळीनं पाडला. सुकरीच्या दारात मोहाचं झाड आहे. ते इतकं पसरलं आहे की तिच्या छपराचं एकही कवेलू उन्हात येत नाही. भर दुपारी आत शिरलं तरी डोळे बसायला वेळ लागतो.

त्या घराचं दार कधी पुरतं लागत नाही. कडी आहे, कोयंडा आहे, पण दार लोटायचं तेवढंच, चार बोटं फट ठेवून. नवा माणूस आला की विचारतो, कुत्रं नाही का शिरत. नाही शिरत. आमच्या आळीची कुत्री त्या फटीपुढून जाताना मान खाली घालून जातात, आत सासरा बसला आहे अशी.

सुकरी गोंडांची, मी कुणब्यांची. तिचे देव वेगळे, माझे वेगळे, पण मीठमिरची एकाच डब्यातली. ती लग्न होऊन आली तेव्हा माझ्या मांडीवर थोरला होता. तिचा नवरा पत्रू. पत्रूची गोष्ट आधी सांगते, कारण पुढं जे झालं ते त्याच्या स्वभावामुळं झालं.

पत्रू दोन बुकं शिकला होता. दोन बुकं शिकलेल्या माणसाचं वाईट असतं. त्याला वाचता येतं, पण कुठलं सोडून द्यायचं ते समजत नाही. शिक्का दिसला की पत्रू उभा राहायचा. एकदा बाजाराच्या रस्त्यावर त्याला कोणाचा तरी शिक्का मारलेला कागद सापडला, तर धान कापायचं सोडून तो पंचायतीत देऊन आला. जंगलखात्यानं हद्दीवर दगडाचे मुनारे उभे केले आहेत, चुन्यानं रंगवलेले. पास नसला तर मुनाऱ्यापलीकडं जायचं नाही, असं लहानपणी त्याला कोणी सांगितलं असेल. बाकी गाव त्याच मुनाऱ्यावर बसून बिडी ओढायचं. पत्रू हद्दीबाहेरून वळसा घालायचा.

सुकरी हसायची. "माया नवरा सरकारचा जावाई आहे, बाई. मानपान सांभाळते."

तेंदूपत्त्याच्या दिवसांत उजाडायच्या आत गाव पानाला निघतं. एके दिवशी असेच सगळे मुनाऱ्यांतून सरळ गेले. पत्रू वळसा घालून गेला. वळशावर वाघ होता.

जे मिळालं ते त्याच्याच दुपट्ट्यात मावलं. वाघानं नेलेल्या माणसाला गावात आणत नाहीत. शिवेबाहेरच त्याला अग्नी दिला. सुकरी शिवेवर उभी राहिली, पोरगा अतुल तिच्या कमरेला धरून होता. रडली नाही. मला म्हणाली, "पानाचा पुडा अर्धाच बांधला होता वो त्यानं."

त्याच संध्याकाळी मुखरू आला. मुखरू आमच्या गावचा भुमका. गावदेवीचं सारं तोच पाहतो. गावाची समजूत अशी की वाघानं मारलेला माणूस वाघाच्या पुढं पुढं चालतो अन् आपल्याच माणसांची दारं त्याला दाखवतो. म्हणून त्याच्या घराभोवती राखेची अन् तांदळाची रेघ मारायची. रेघेचं तोंड जुळलं की त्याला आत येता येत नाही. वाट विसरतो बिचारा. मुखरूनं मंत्र म्हणत रेघ मारली, तोंड जुळवलं, हात धुतले अन् गेला.

तो वळणापर्यंत पोचला नसेल, सुकरीनं खराटा घेतला अन् सारी रेघ झाडून काढली.

गाव चिडलं. मुखरू माघारी आला. "पोट्टीवानी करू नको सुकरी. तो आता तुया नवरा नाई राह्यला."

"मंग कोणाचा राह्यला?" सुकरीनं विचारलं. तेव्हापासून दाराला चार बोटं फट आहे.

तुम्ही म्हणाल, तो यायचा का. मी पाहिलं नाही. ऐकलं आहे. पत्रू पानाचे पुडे बांधायचा तेव्हा सालीची दोरी दातात धरून ओढायचा, तिचा चर्र असा आवाज व्हायचा. दिवे लागायच्या वेळेला, ज्या महिन्यात तेंदूचं पान कुठं मिळत नाही त्या महिन्यात, कुडापलीकडून मला तो आवाज यायचा. आधी मी रामराम म्हणायची. नंतर सवय झाली. शेजारी आहे, आवाज येणारच. सुकरी पळसाच्या पानावर मूठभर भात दाराबाहेर ठेवायची. सकाळी पान तिथंच असायचं, भात नसायचा. माझा मोठा पोरगा म्हणायचा, कावळे खात असतील. असतील. पण कावळे पान धुऊन ठेवत नाहीत.

वाघ मात्र कधी गावात आला नाही. मुखरूला त्याचं थोडं वाईटच वाटलं असेल.

आमच्या गावची घरं तेव्हा ग्रामपंचायतीच्या वहीत होती. घर कोणाचं, वाटणी झाली का, कोण गेलं, कोण राहिलं, सारं त्यात. ती वही पोचू सांभाळायचा, पंचायतीचा शिपाई. दर वर्षी घरपट्टीची पावती फाटायची ती पत्रूच्या नावानं. एकदा बाहेरून आलेल्या ग्रामसेवकानं विचारलं, हा माणूस मेला ना, मग नाव काऊन? पोचू म्हणाला, "साहेब, त्याची बायको म्हणते येते-जाते. येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाचं नाव कसं काढाचं?" ग्रामसेवकानं पाणी पिलं अन् पुढच्या घराकडं गेला. गावाच्या वहीत असं चालायचं. वहीत जे होतं ते गावाच्या तोंडात होतं, अन् जे गावाच्या तोंडात होतं तेच वहीत.

मग सरकारनं ठरवलं की गावठाणातल्या घरांचा नकाशा वरून काढायचा. ड्रोन उडवायचा, फोटो घ्यायचा, अन् ज्याचं घर त्याला पक्की सनद द्यायची. पंचायतीची वही पंचायतीपाशीच राहील, पण घर कोणाचं ते आता तालुक्याचं मोजणी ऑफिस सांगणार. चांगलीच गोष्ट होती. सनद असली की बँक दारात उभं करते म्हणे. रीना तेव्हा नवी सरपंच झाली होती, आमच्या बिरजूची सून, पायाला भिंगरी. तिनं गावभर सांगितलं की ड्रोन यायच्या आदल्या दिवशी ज्यानं त्यानं आपल्या जागेभोवती चुन्याची रेघ मारायची, म्हणजे वरून हद्द दिसेल.

साऱ्या गावानं मारली. कोणी कोणी शेजाऱ्याच्या आंगणात वीतभर आत मारली, त्यावरून भांडणंही झाली. माझी रेघ नातवानं मारली, ती सापावानी वाकडी. संध्याकाळी रीना चुन्याचं घमेलं घेऊन सुकरीच्या दारी आली. मी माझ्या छपरीत तांदूळ निवडत बसली होती.

"मावशी, सरका जराशा. भिंतीच्या बाहेरून रेघ मारून घेतो."

"नोको मारू."

"काऊन?"

"तुले माईत आहे काऊन."

रीना खाली बसली. गोड बोलायला तिला येतं. "मावशी, हा चुना सरकारचा आहे. मुखरूभाऊचा नाई. याले मंत्र नाई, तंत्र नाई."

"रेघ ते रेघच. तोंड जुळलं का झालं," सुकरी म्हणाली. "तो येऊन बाहेर उभा राह्यन. मंग तू जाशीन का त्याले समजावाले, का बाप्पा, हा चुना सरकारचा आहे? अन् सरकारचा आहे म्हनशीन तं मुद्दामच पाय नाई टाकनार. तुले त्याचा स्वभाव माईत नाई."

रीनानं माझ्याकडं पाहिलं. मी सुपातल्या खड्यांकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ड्रोन आला. मोठ्या भुंग्यावानी घुं घुं करत गावावर फिरला. पोरं मागं धावली, म्हाताऱ्यांनी हात जोडले. सुकरी उंबऱ्यात बसून होती. ड्रोन मोहावर आला, तिथं थोडा थांबला, पानं थरथरली. मग निघून गेला.

महिने गेले अन् नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लागला. सारं गाव आपापलं घर शोधायला जमलं. वरून पाहिलं की कोणाचंच घर ओळखू येत नाही, श्रीमंताचं बी नाही. रीनानं बोटानं दाखवलं. हे बिरजूचं, हे शाळेचं, हे अन्नपूर्णाबाईचं, म्हणजे माझं. वाकडी रेघ बरोबर आली होती. माझ्यापुढं नुसतं हिरवं, गोल. मोहाचं झाड. झाडाखाली घर आहे असं त्या कागदाला माहीतच नव्हतं. त्या हिरव्यावर लिहिलं होतं, मोकळी जागा, सरकार.

सुकरी पाहून म्हणाली, "झाड चांगलं आलं आहे."

पुढं तिला समजलं तेव्हा हसू गेलं. गावाला पाण्याची टाकी मंजूर झाली होती अन् टाकीला मोकळी सरकारी जागा पाहिजे होती. नकाशात तशी जागा गावात एकच दिसत होती.

रीनानं ग्रामसभा बोलावली. सगळ्यांनी हात वर केले, मुखरूनंही. ठराव झाला की मोहाखालचं घर पत्रूचं आहे, आजाच्या काळापासून आहे, गावाला माहीत आहे. पोचूनं वही काखेत घेतली. मी, सुकरी अन् रीना, अशा तिघी तालुक्याला गेलो. पोचूला बस लागते, म्हणून त्यानं वही आमच्याजवळ देऊन टाकली.

मोजणी ऑफिसात प्रफुल नावाचा पोरगा होता, राजुऱ्याकडचा. चांगला होता. उठून आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतः उभा राहिला. ठराव पुरता वाचला.

"आजी, ठराव चांगला लिहिला आहे. पन ठरावानं नकाशावर घर उगवत नाई."

रीना तापली. "ज्या गावात घर आहे त्या गावानं सांगून चालत नाई, अन् जे वरून उडून गेलं त्यानं सांगून चालते? आमच्या वहीत घर आहे. तुमच्या नकाशात नाई, तं चुकलं कोणाचं?"

"ताई, तुमच्या गावाचं खरं आहे, मले दिसून राह्यलं," प्रफुल म्हणाला. "पन उद्या दुसऱ्या गावचा सरपंच वही घेऊन येईन अन् विधवा बाईच्या घरावर आपल्या भावाचं नाव सांगन. त्याले काय म्हणू? तुमची वही खरी अन् त्याची खोटी, हे इथी बसून कसं समजन?"

असा एक सरपंच आम्हा सगळ्यांना माहीत होता. दूरचा नव्हता.

प्रफुलनं वाट सांगितली. हरकत नोंदवून घेतो, मी स्वतः मशीन घेऊन येतो, झाडाखालची जागा जमिनीवरून मोजून घेतो. दोन गोष्टी पाहिजेत. घराभोवती चुन्याची रेघ, चारी बाजूंनी, तोंड जुळलेली. तोंड उघडं असलं तर मिळकत धरता येत नाही. अन् नाव जित्या माणसाचं. मेलेल्या माणसाच्या नावानं सनद निघत नाही.

"अन् रेघ नाई मारली तं?" सुकरीनं विचारलं.

"तं झाड, आजी."

बसमध्ये सुकरी खिडकीशी बसली. आमचा फाटा आला. उतरताना म्हणाली, "घर वाचवाले रेघ पाह्यजे. अन् रेघ मारली का घर रिकामं. मंग वाचवाचं कोणासाठी, बाई?"

अतुल ऊर्जानगरला ठेकेदाराकडं कामाला आहे, तिथंच खोली घेऊन राहतो. त्याला फोन केला तर तो दुसऱ्या दिवशी हजर. कंपनीचं हेल्मेट पिशवीतच राहिलं होतं. आईसमोर बसला, नरमाईनं बोलला.

"आई, रेघ मारू दे. नाईतं मायाकडं चाल."

"तिथी दाराले लोखंडाची जाळी आहे."

"असू दे ना. चोर येत नाई."

"बाकीचेही नाई येत."

अतुलनं कपाळावर हात ठेवला. "बाबा मेला, आई."

"मेला ते मेला. येते ते येते. दोन गोष्टी अलग आहेत," सुकरी म्हणाली अन् त्याच्यासाठी भाकर टाकायला उठली.

त्यानं मला मधे घातलं. मावशी, तुम्ही तं समजवा. मी काय समजवणार. ज्याचा आवाज मी रोज ऐकते तो नाही म्हणून मी कोणत्या तोंडानं सांगू.

प्रफुल यायचा दिवस जवळ आला. मी धान पाखडत होती, तेव्हा सुकरी आली अन् कुडाच्या खिंडारात उभी राहिली. चेहरा उजळलेला. बऱ्याच वर्षांत तसा पाहिला नव्हता.

"बाई, मुखरूनं रेघ मारली तेव्हा तो बाहेर होता."

"होता."

"रेघ माराच्या आंधी तो आत असन तं?"

मी सूप खाली ठेवलं.

"तं रेघ त्याले बाहेर नाई ठेवत," सुकरी म्हणाली. "आत ठेवते."

त्यांच्यात माणूस मेला की त्याचा जीव घरी आणायची रीत आहे. घरची बाई नाल्यावर जाते, नव्या लोट्यात एक चिमुकली मासोळी धरते, घरी आणून मधल्या मेढीच्या, म्हणजे खांबाच्या, बुडाशी खळग्यात सोडते अन् वरून माती लोटते. मग तो घरचा देव. पण वाघानं नेलेल्याचा जीव कोणी आणत नाही. म्हणून पत्रूचा आणलेला नव्हता.

मुखरू ऐकून उठूनच उभा राहिला. "असं कोणी केलं नाई. त्याच्या मागं वाघ येईन."

"अन् आणल्यावर लगेच रेघेचं तोंड जुळवलं तं? तो आत, वाघ बाहेर. मंग कोणाले वाट दाखवन?"

मुखरू विचार करत बसला. इतकी वर्षं गावाला भीती होती ती त्या उघड्या दाराची. आता तीच बाई म्हणत होती की दार लावून घेते. सरकारला रेघ पाहिजे, गावाला रेघ पाहिजे, अन् आता सुकरीलाही पाहिजे होती. तो म्हणाला, "करून पाहू. पन मंग तो निंगाचा नाई, सुकरी. ध्यानात ठेव."

"कुठी जायाचं आहे त्याले?" ती म्हणाली.

ऊन कलल्यावर आम्ही नाल्यावर गेलो. सुकरी, मी, मुखरू अन् अतुल. डोहाच्या कडेला सुकरी गुडघाभर पाण्यात उतरली, लोटा आडवा धरला. मासोळ्या जवळ यायच्या अन् वळायच्या. ती काही बोलत होती, गोंडीत, हळू. घरात नवऱ्याला उठवताना बोलतात तसं. मग लोट्यात काही चमकलं, तिनं लोटा उभा केला अन् वरून पान झाकलं.

लोटा नेणारीच्या मागं कोणी चालायचं नाही. ती जागा त्याची. म्हणून आम्ही तिघं पुढं, अन् सुकरी शेवटी. मागं वळून पाहायचं नाही असं मुखरूनं बजावलं होतं. माझी मान तशीही वळत नाही. पण कान वळतात. सुकरीच्या पायात चप्पल नव्हती. तिचं पाऊल पडायचं, अन् त्याच्या मागून सुक्या पानावर दुसरं पडायचं, जरा जड, जरा लंगडं.

मुनारे आले. गावाची वाट दोन मुनाऱ्यांच्या मधून सरळ जाते. मुखरू सरळ निघाला.

"थांबा," मागून सुकरी म्हणाली. "वळसा घ्या. सरळ नाई येनार तो."

आम्ही वळसा घेतला. त्याच वळशानं. एका ठिकाणी अतुलनं डोळे पुसले, अन् मला दिसलं की ती जागा त्याला ठाऊक होती.

घरी सुकरी आत गेली. मेढीच्या बुडाशी खळगा तयार होता. माती लोटल्याचा आवाज आला. मुखरूनं खूण केली तसा अतुलनं चुना घेतला अन् बाहेरून रेघ मारायला लागला. मागची भिंत झाली, परसातली सांदवाडी झाली, बाजू झाली. दारापुढं हातभर राहिलं तिथं तो थांबला. बापाला आत कोंडायचं म्हणजे, बाप नाही असं म्हणणाऱ्यालाही जड जातं.

"जुळव तोंड," आतून सुकरी म्हणाली.

त्यानं तोंड जुळवलं. त्याच क्षणी साऱ्या आळीची कुत्री, जी कधी त्या दाराकडं फिरकत नव्हती, एकेक करून आली अन् रेघेबाहेर अंग टाकून झोपली.

सकाळी प्रफुल तीन पायांचं मशीन घेऊन आला. रेघेच्या कोपऱ्याकोपऱ्यावर उभा राहिला. रेघ चोख होती, त्यानं तारीफही केली. मग कागद काढला.

"नाव, आजी?"

"सुकरी."

"नवऱ्याचं?"

"पत्रू."

"हयात आहेत?"

रीना, अतुल, पोचू, मुखरू, सगळे आपापल्या पायाकडं पाहायला लागले. सुकरीनं पदर सारखा केला. जे इतक्या वर्षांत तिनं चारचौघांत म्हटलं नव्हतं ते म्हणाली.

"मेला." मग थांबून, "घरीच आहे."

प्रफुलनं पहिलं लिहिलं, दुसरं ऐकून घेतलं. म्हणून म्हणते चांगला पोरगा होता.

टाकी शाळेच्याच जागेत, शाळेमागं गेली. सनद आली, मोठी, रंगीत, शिक्क्याची. अतुलनं काचेची फ्रेम करून आणली अन् दारासमोरच्या भिंतीवर टांगली. सुकरीनं पहिल्यांदा दाराला कडी घातली. बाहेर भाताचं पान ठेवणं बंद केलं. चेहऱ्यावर नव्या नवरीवानी तेज. मी म्हटलंही, "काय वो, या वयात." ती लाजली.

ते तेज उन्हाळ्यापर्यंत टिकलं.

आधी मला वाटलं, उंदीर असतील. मग लक्षात आलं. कोणीतरी चालत होतं. आतून, भिंतीभिंतीनं. मागच्या भिंतीपासून बाजूच्या भिंतीला, तिथून दारापाशी. दाराशी थांबायचं. मग माघारी. कुत्री बाहेर निजल्या निजल्या त्या पावलांबरोबर माना वळवायची. पाण्याला गेलेल्या बाया त्या घराकडून येणं सोडून लांबून यायला लागल्या. सुकरी वाळली. डोळे खोल गेले.

"पयले यायचा तं बसायचा," ती म्हणाली. "पुडा बांधाचा, भात खायचा, जायाचा. आता बसत नाई, बाई. तेंदूचे दिवस आले ना. त्याले पानाले जायाचं आहे."

मुखरूला बोलावलं. चुना तर पहिल्याच पाण्यात पुसट झाला होता, तरी त्यानं जंगलाच्या बाजूनं हातभर जागा झाडून काढली, पाणी शिंपडलं, वाट मोकळी केली. आम्ही वाट पाहत बसलो. आत पावलं मागच्या भिंतीशी आली, थांबली, अन् परत फिरली.

मुखरूनं खराटा खाली ठेवला. "मायी रेघ असती तं निंगाला असता," तो म्हणाला. "मायी नाई ना ते."

सुकरीला तेव्हा समजलं. मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. चुन्याला तो कधीच भीत नव्हता. तो त्या काचेपुढं जाऊन उभा राहत होता अन् वाचत होता. दोन बुकं शिकलेला. सनदीवर घराची चारी बाजूंनी काळी रेघ, तोंड जुळलेली, खाली शिक्का. पास नसताना तो ती रेघ ओलांडणार होता होय.

ती रीनाकडं गेली. रेघ खोलायची आहे म्हणाली. हातभर. मागच्या बाजूनं.

रीनाला हसू आलं नाही, हे मी तिच्या बाजूनं सांगते. "मावशी, वही चालत होती तेव्हा पोचूले सांगून सकाळी करून देतलं असतं. आता मायाजवळ काई नाई. तालुक्याले विचारा लागन." अन् विचारलंही, आमच्यासमोर, फोनवर. प्रफुल म्हणाला, जागा विकली, वाटणी झाली, तर रेघ बदलते. नुसती रेघ खोलायची असा अर्ज नसतो. मग त्यानं विचारलं, "कोणाले जायाचं आहे?"

"कोणाले नाई," रीना म्हणाली अन् फोन ठेवला.

त्याच दिवशी, ऊन उतरायच्या आत, सुकरी माझ्याकडं आली. काखेत लुगड्यात गुंडाळलेली फ्रेम.

"तुया पेटीत ठेव, बाई. त्याच्या डोळ्यासमोर नोको."

"अगं, घराचा कागद आहे. हरवला मंग?"

"घर तालुक्यात लिहून आहे ना. ते कुठी जात नाई." ती भिंतीला टेकून बसली. "त्याले दिसला नाई म्हणजे झालं. जे दिसत नाई ते तो नाई मानत. मोठा साधा आहे."

मी पेटी उघडली, माझ्या लग्नाच्या शालूखाली ती सनद ठेवली अन् झाकण लावलं. सुकरी घरी गेली. दिवे लागायच्या वेळेला मी कुडाच्या खिंडारातून पाहिलं. दाराला चार बोटं फट. दाराबाहेर पळसाचं पान, त्यावर मूठभर भात. कुत्री उठली, एकामागून एक, अन् मान खाली घालून आपापल्या घरी निघून गेली. पावलांचा आवाज नव्हता. मोहाच्या खाली अंधार होता, तेवढाच, रोजचा.

त्याला बरेच महिने झाले. सुकरी भरली आहे अंगानं. घर तिचंच आहे, तालुक्याच्या कागदावर अन् गावाच्या तोंडात, दोन्हीकडं.

माझं म्हणाल तर अलीकडं एखाद्या संध्याकाळी पेटीच्या बाजूनं चर्र असा आवाज येतो. येत असेल पाहायला, आपला कागद नीट ठेवला आहे का. शिक्क्याची वस्तू दुसऱ्याच्या घरी ठेवली म्हणजे त्याच्या जिवाला घोर लागणारच. मी पेटीवर गोधडी टाकून ठेवली आहे, म्हणजे त्याला वाचायला नको अन् अडकायला नको. अन् माझं दार आता पुरतं लावत नाही. नातवंडं विचारतात, आजी, कुत्रं शिरेल ना. मी सांगते, नाही शिरत.